सरिताची झडती

सोयगावच्या एसटीतून आम्ही संभाजीनगरच्या स्टँडवर उतरलो, तरी आईनं माझी बॅग हातातून सोडली नव्हती. मला पुढं मुंबईची गाडी आणि तिथून दोह्याचं विमान धरायचं होतं. कामाला पाठवणारा एजंट लांबून हात हलवत होता. आई त्याच्याकडं अशी बघत होती, जणू तो मला विकायलाच नेतोय.

"पासपोर्ट कुणाच्या बी हातात देऊ नको," ती म्हणाली. "साहेब असू दे, नाय तर खोलीतली बाई. तिथं कुणी कुणाचं नसतं."

माझी नऊ वर्षांची लेक प्राची आजीच्या पदराला धरून उभी होती. मी जयभीम केला आणि गाडीत चढले.

आईला दोष देत नाही. नवरा वारल्यावर मी प्राचीला तिच्याकडं ठेवून संभाजीनगरात आले, छावणी भागात खोली घेतली आणि एका मॉलच्या गेटवर बायकांच्या पर्स तपासू लागले. तेव्हापासूनच गावाची नजर माझ्यावर होती. कतारमधल्या फुटबॉलच्या वर्ल्ड कपला गार्ड बायका पाहिजेत म्हणून मी निघाले, तर भावजय शेजारणीला म्हणाली, "गार्डच्या कामाला एवढ्या लांब कोण बोलवतं? दुसरंच काहीतरी असंल." मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

दोह्यात एका खोलीत आम्ही चौघी. माझ्या वरच्या बेडवर नेपाळची सरिता. तिला अर्जेंटिनाचं वेड. उशाशी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट घडी घालून ठेवलेला. ती रोज सकाळी माझ्यासाठीही चहा करायची, आणि मी पहिला घोट घेताना विचार करायचे, हिला माझ्याकडून काय पाहिजे असेल? एकदा तिनं सहज विचारलं, "दीदी, पासपोर्ट कहाँ रखती हो?" त्या दिवसापासून मी जागा बदलत राहिले. कधी उशीच्या खोळीत, कधी पेटीच्या तळाशी.

ड्यूटीवर आम्ही स्टेडियमच्या गेटवर मैदानाकडं पाठ करून उभ्या राहायचो, तोंड माणसांकडं. सौदीनं अर्जेंटिनाला हरवलं तेव्हा गोल झालेला मला पायांखालच्या जमिनीतून कळला. हातात मात्र बायकांच्या पिशव्या: छत्र्या, खजूर, बाळाचं दूध. दिवसभर हेच शोधायचं, की समोरची काय लपवतेय.

आणि एका सकाळी पासपोर्ट सापडेना. उशी उसवली, पेटी उलटी केली. मी सुपरवायझरकडं गेले आणि सरिताचं नाव सांगितलं. तिनं विचारलं होतं, एवढाच पुरावा. सगळ्यांसमोर तिची बॅग रिकामी केली गेली. तो निळा-पांढरा टी-शर्ट झटकून जमिनीवर टाकला. काहीच निघालं नाही, तरी तिला गेटवरून काढून लाँड्रीत पाठवलं. ती मान खाली घालून टी-शर्ट उचलत राहिली. मला वाटलं, बघा, चोराला तोंड असतं का?

फायनलच्या दिवशी दुपारी ती खोलीत आली. हातात माझा पासपोर्ट. लाँड्रीत धुवायला गेलेल्या माझ्या जॅकेटच्या अस्तरात होता. मीच ठेवला होता, लागोपाठ दोन पाळ्या करून आले होते तेव्हा, आणि विसरले होते.

"दीदी," ती म्हणाली, "पन्ने गिन लो."

मी खरंच पानं उलटली. माफी मागायचं सोडून मी पानं उलटली. अर्जेंटिना जिंकली तेव्हा मी गेटवर होते आणि ती कपड्यांच्या ढिगात.

परत आले. आता वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर आहे आणि प्राची माझ्याजवळ छावणीत राहते. गावात गेले की अजून विचारतात, तिथं नक्की काय काम होतं गं?

गेल्या महिन्यात प्राचीला क्लासवरून यायला उशीर झाला. मी तिची बॅग पलंगावर ओतली, कंपासपेटीसुद्धा उघडली. तिनं मुकाट्यानं खिसे उलटे केले, दोन्ही हात पसरून उभी राहिली. "आई, आता हे बी बघ."

मी तिचे हात खाली घेतले. मग एकेक वही बॅगेत भरत मी तिला सरिताची सगळी गोष्ट सांगितली.

"तू सॉरी म्हणालीस का तिला?"

"नाय."

"मग म्हण ना!"

प्राचीनंच फोनवर सरिताचा नंबर शोधला. मी अडखळत हिंदीत निरोप बोलले. सरितानं तो ऐकलाय, तशी खूण दिसते. उत्तर नाही. देईल असंही नाही.

तुमच्यातल्या ज्या बाया आता तिकडं निघाल्यात त्यांना मी सांगते, पासपोर्ट जपा. पण एवढंच सांगून थांबवत नाही. दोह्यात घर म्हटलं की मला सोयगाव आठवायचं. आता घर म्हणजे छावणीतली ही एक खोली. दाराशी प्राचीची बॅग उघडी पडलेली असते, आणि तिच्यात न डोकावता मला आत जायचं असतं.

रोज जमतं असं नाही.