सतरा नंबरचा चौकोन

माझी फजिती ऐकायचीच असेल, तर आधी चहा संपवा. मध्येच हसलात आणि ठसका लागला, तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल, आणि तिथे आता जागा नाही.

तर मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. उपग्रहातून काढलेले शेतांचे फोटो आम्ही घेतो आणि कुठे पीक आहे, कुठे नाही, कुठे पाणी कमी पडलं, याचे नकाशे करतो. आमच्या भावकीत मात्र मी 'रॉकेटवाली' म्हणून प्रसिद्ध आहे. एका आत्यानं तर मला विचारलं होतं, वर गेलीस की जेवायचं कसं करतेस? मी काही तिचा गैरसमज दूर केला नाही. लग्नाच्या पंगतीत तेवढाच भाव मिळतो.

या कामातूनच आशियातल्या तरुण मंडळींच्या एका गटात मी शिरले. नेपाळ, जपान, इंडोनेशिया, मंगोलिया, अकरा देशांतली पोरंपोरी. सगळे अवकाश क्षेत्रातले, सगळ्यांचं स्वप्न एक: हे क्षेत्र चार मोठ्या शहरांतल्या चार मोठ्या लोकांचं राहू नये, सगळ्यांना त्यात जागा मिळावी. बोला, यात वाईट काय आहे? काहीच नाही. वाईट एवढंच झालं, की 'सगळ्यांना सामावून घेणे' या समितीचं प्रमुखपद त्यांनी मला दिलं.

का दिलं? कारण मी देऊळगाव राजा तालुक्यातली. हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे, जणू ती पीएच.डी. आहे. कुणी म्हणालं हवामान, की मी म्हणायचे, "आमच्या खेड्यात काय होतं माहितीय का..." पुढे काय होतं ते मलाही धड माहीत नसायचं. आठ वर्षांत मी गावात सलग चार दिवस राहिलेले नाही. पण मंगोलियाच्या माणसाला ते कसं कळणार?

मग एक प्रकल्प ठरला. एक गाव निवडायचं, तिथल्या बायकांना उपग्रहाचे नकाशे वाचायला शिकवायचं आणि त्यातून पडीक जमीन लागवडीखाली आणायची. कुठलं गाव, यावर चुरस लागली. मी हट्टाला पेटले, माझंच गाव. प्रकल्प आमच्याकडे आला असता तर त्याची प्रमुख मी झाले असते, आणि पुढच्या वर्षी मोठ्या परिषदेत मंचावर उभं राहून बोलायला मीच असते. साडी कुठली नेसायची, तेसुद्धा ठरलं होतं.

संगणकानं आमच्या शिवाराचा नकाशा काढला. बावीस चौकोन. हिरवे म्हणजे पीक, लाल म्हणजे ओसाड. आता आमच्या धंद्यात एक नियम आहे: नकाशा कितीही देखणा असू दे, तिथल्या कुणीतरी पायांनी जाऊन, डोळ्यांनी बघून, प्रत्येक चौकोनापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' लिहायचं. त्याशिवाय तो खरा धरत नाहीत. गटानं विचारलं, ही पडताळणी कोण करेल? मी म्हटलं, मी आहे ना. माझंच गाव.

आणि मी पुण्यात, पलंगावर मांडी घालून, एका हातात पोह्यांची बशी धरून, बावीसच्या बावीस चौकोनांपुढे 'बरोबर' लिहून टाकलं. पोहे गार व्हायच्या आत. सतरा नंबरचा चौकोन सगळ्यांत मोठा, लालभडक. संगणकाच्या मते तीन वर्षं तिथे हिरवं पानसुद्धा नव्हतं. मी त्याखाली एक वाक्यही जोडलं, 'येथील महिला रोजगाराअभावी घरात बसून आहेत.' वाक्य झकास जमलं होतं हो. वाचून इंडोनेशियाच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

आमचं गाव पहिल्या दोनांत आलं. शेवटचा निर्णय घ्यायच्या आधी दोघं प्रत्यक्ष बघायला येणार होती. एक काठमांडूची सरिता, हसरी, फर्डी हिंदी बोलणारी. दुसरा जपानचा केन्ता. हा गडी फार बोलत नाही, पण कानावर पडलेलं सगळं वहीत उतरवतो.

मी आईला फोन केला. म्हटलं, पाहुणे येताहेत, काम नसलेल्या वीस-पंचवीस बायका शाळेच्या व्हरांड्यात गोळा कर.

"तशा बाया नाहीत आपल्या गावात," आई म्हणाली. "रिकामे माणसं देऊ का? पारावर बसून राह्यले आठ-दहा."

मला वाटलं थट्टा करतेय. मी म्हटलं, आई, मी मीटिंगमध्ये आहे, तेवढं बघ, आणि फोन ठेवला. आईचे फोन मी कायम असेच ठेवत आलेय. मागे कधीतरी तिनं शेतात जाळी बांधल्याचं सांगितलं होतं. मी 'छान छान' म्हटलं. मला वाटलं, रानडुकरांसाठी बांधली असेल.

पोळा नुकताच होऊन गेला होता. सकाळी नऊला आम्ही तिघं शाळेत पोचलो. आणि व्हरांड्यात कोण असावं? पारावरची आठ माणसं. आईनं शब्द पाळला होता. दाढ्याबिढ्या करून, टोप्या घालून, महिलांच्या बैठकीला ओळीत बसलेली. रंगनाथकाकांनी तर हारही आणला होता.

आता मी खरं सांगून मोकळी व्हायला हवं होतं की नाही? पण नाही. मी केन्ताकडे वळले आणि गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत म्हटलं, "बघितलंस? बैठक बायकांची, आणि आले पुरुष. बायकांना घराबाहेर पडता येत नाही. प्रश्न फार खोल आहे." केन्तानं ते लिहून घेतलं आणि 'खोल'खाली रेघ ओढली.

सरितानं रंगनाथकाकांना हिंदीत विचारलं, बायका कुठे आहेत? काका म्हणाले, "सब काम पे गयी है. दोपहर तक कोई नहीं मिलेगी. हमको चाय भी खुदही बनानी पडती."

मी घाईघाईनं केन्ताला भाषांतर करून दिलं, की काका म्हणतात, बायका घरकामात पार अडकून पडल्यात. सरितानं माझ्याकडे पाहिलं. तिला हिंदी येते, हे मी बोलण्याच्या भरात विसरले होते. ती एवढंच म्हणाली, चल, तो सतरा नंबर बघू.

निघालो. पुढे फोनवरचा नकाशा धरून केन्ता, मागे सरिता, मग मी आणि आमच्यामागे आठही काका. दुसरं काय काम होतं त्यांना? वाटभर ते केन्ताला चंद्रावर पाणी आहे का म्हणून विचारत होते आणि तो दर वेळी कमरेत वाकून 'येस' म्हणत होता.

एका ठिकाणी केन्ता थांबला. म्हणाला, सतरा नंबर सुरू झाला. मी समोर बघितलं. ओसाड माळ सोडाच, समोर दोन माणसांच्या उंचीची हिरवट जाळी, चारी बाजूंनी आणि वरूनही बंद, पार त्या टोकापर्यंत गेलेली. आतून बायकांच्या बोलण्याचे, हसण्याचे आवाज येत होते.

केन्तानं अगदी नम्रपणे विचारलं, "ओसाड जमीन कुठे आहे?"

मी म्हटलं, नकाशा थोडा सरकला असेल, पलीकडे असेल. झालं! तो माणूस जाळीच्या चारही कोपऱ्यांवर गेला, प्रत्येक कोपऱ्यावर उभा राहून फोन बघितला आणि परत येऊन म्हणाला, नकाशा सरकलेला नाही. आठही काका त्याच्याबरोबर चारही कोपरे फिरून आले होते, त्यांनीही माना डोलावल्या.

तेवढ्यात माझं लक्ष बांधावरच्या बोरीकडे गेलं. ती बोर मी ओळखते. लहानपणी तिच्यावरून पडून माझा हात मोडला होता. सतरा नंबरचा चौकोन म्हणजे आमचंच शेत होतं हो! आमच्या स्वतःच्या शेतापुढे मी 'ओसाड, बरोबर' असं लिहून दिलं होतं.

मी जाळीच्या दाराला हात घातला, तर आतून आवाज आला, "कोण हाय? बाहीरच थांबा."

"आई, मी."

"मंग तू बी थांब. अकरानंतर ये."

"अगं, परदेशातून पाहुणे आलेत."

"फुलाले सांग मंग थांबायले," आई म्हणाली.

रंगनाथकाकांनी मला समजावलं. मलाच समजावलं, कारण तिथे ते माहीत नसलेली मी एकटीच होते. आत मिरचीचं बियाणं तयार होत होतं. आदल्या दिवशी दुपारी मादी झाडाच्या कळ्या उघडून त्यातला नराचा भाग चिमट्यानं काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, नर झाडाचा पराग एकेका फुलाला बोटानं लावायचा आणि त्या फुलाला रंगीत धागा बांधायचा. बाहेरचा माणूस आत नको, भलताच पराग नको, म्हणून जाळी. हात असा हलका लागतो, की गावातल्या पुरुषांना ते जमत नाही. काका म्हणाले, मी पाहिलं करून, चार कळ्या मोडल्या, तुझ्या आईनं हाकलून दिलं. जाळी तीन वर्षांपूर्वी उभी राहिली. खालचं हिरवं उपग्रहाला दिसत नव्हतं, आणि त्याच्या हाताखालच्या तज्ज्ञ बाईंना, म्हणजे मला, बघायचं नव्हतं.

अकरापर्यंत आम्ही बोरीखाली बसलो. सरिता जाळीला नाक लावून आतल्या बायकांशी हिंदीत गप्पा मारत होती. काय बोलतेय ते ऐकायला जायची माझी हिंमत झाली नाही.

अकराला आई बाहेर आली. अंगात बाबांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. मागे बावीस-तेवीस बायका. म्हणजे मला बैठकीला हव्या होत्या तेवढ्याच. आईनं आधी पाहुण्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, पाहू तुमचा नकाशा.

केन्तानं दाखवला. सरितानं सगळं सांगितलं: लाल म्हणजे ओसाड, आणि खाली लिहिलंय की इथल्या बायका कामाविना घरात बसून आहेत. एका बाईनं मागे ओरडून सांगितलं, "अवो, आपण घरी बसून राह्यलो म्हणते!" आणि सगळ्या अशा हसल्या की दोघी खाली बसल्या.

आई हसली नाही. तिनं विचारलं, "बरोबर म्हणून कोनं लिवलं?"

केन्तानं तिथलं नाव मोठ्यानं वाचलं. माझं आडनाव त्याला उच्चारता येत नव्हतं, म्हणून त्यानं ते दोनदा वाचलं.

"तू कवा आली होती पाह्यले?" आई मला म्हणाली.

"पुण्याहून बघितलं."

"म्हंजे वरूनच. पन मी तुले फोनवर तीनदा सांगतलं, जाळी बांधली म्हणून. काऊन नाही ऐकलं?"

चेष्टा बाजूला ठेवून सांगते, मला तेव्हा फार लाज वाटली. अकरा देशांतल्या लोकांना मी सांगत होते, की ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही त्यांना आपण ऐकलं पाहिजे. आणि आईचा फोन आला की आवाज बंद करून ठेवत होते. मी म्हटलं, चुकलं माझं. आई म्हणाली, चुकलं तर दुरुस्त कर, मले काय सांगते.

दुपारी तीनला गटाची मीटिंग होती, त्यातच गावाचा निर्णय व्हायचा होता. सरिता मला म्हणाली, तू सांगतेस की मी सांगू? मीच सांगितलं. पलंग, पोह्यांची बशी, आठ काका, चुकीचं भाषांतर, सगळं. मला वाटलं, प्रकल्प गेला, मंच गेला, साडी गेली.

मग इंडोनेशियाची ती मुलगी म्हणाली, आमच्याकडेही डोंगरात जाळीखाली फुलं लावतात. तीही आपण ओसाडच धरली असतील का? मंगोलियाचा माणूस म्हणाला, मला माझे नकाशे पुन्हा बघावे लागतील. बोलता बोलता ठरलं, की प्रकल्प इथेच करायचा. पडीक जमिनीचा नाही, तर जे वरून दिसत नाही ते नोंदवायचं कसं, याचा. आणि पडताळणीचं प्रमुखपद स्थानिक माणसाकडे. खऱ्या स्थानिक माणसाकडे.

तेव्हापासून बावीस चौकोनांची प्रमुख माझी आई आहे. गेल्या महिन्यात तिनं गटापुढे पहिला अहवाल दिला. आमच्याच ओसरीतून, आपल्याच भाषेत. एव्हाना आईशी फोनवर बोलून बोलून मराठी शिकलेली सरिता काठमांडूहून तिचं इंग्रजी करत होती. बावीसपैकी नऊ चौकोन चुकीचे निघाले होते. मी आईशेजारी फोन धरून उभी होते, तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून हात ताणून.

अहवाल संपल्यावर एका नव्या सदस्यानं विचारलं, बाजूला फोन धरून उभी आहे ती मुलगी कोण? तीही याच क्षेत्रात काम करते का?

आईनं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पुण्याची हाय," ती म्हणाली. "शिकून राह्यली. येईल हळूहळू."

आणि सरितानं त्याचं, एकही शब्द न गाळता, इंग्रजी केलं.