शिसं त्याचं, पितळ माझं

चांदमारीवर मी चौकीदार होतो. चांदमारी म्हणजे पोलिस गोळीबाराचा सराव करतात ते मैदान. शहाद्याच्या वरच्या अंगाला, सातपुडा जिथून चढायला लागतो तिथं, मातीचा एक मोठा बांध घातलेला. बांधापुढे फळ्या उभ्या करायच्या, फळ्यांवर कागदाची माणसं चिकटवायची, आणि हे लोक लांबून पालथे पडून त्यांना मारणार. कागदं मी चिकटवायचो. खळ माझी बायको शिजवायची. तिच्या खळीचा कागद वाऱ्यानं कधी सुटला नाही. ती गेली त्याला दुसरं वरीस लागलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण बोलायला आता घरात कोणी नाही, लेकरू आम्हाला झालं नाही, म्हणून लिहितो.

गोळी सुटली की दोन वस्तू मागे राहतात. पितळेची रिकामी पुंगळी बंदुकीपाशी पडते, आणि पुढचं शिसं जाऊन बांधात रुततं. पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. एक कमी भरली तर सगळी तुकडी उन्हात गवत चाळत बसते आणि शेवटी सगळे चौकीदाराकडे बघतात. शिशाला मात्र कोणी विचारत नाही. ते मातीत गेलं ते गेलं.

सरकार विचारत नाही, पण भंगारवाले विचारतात. माझी सगळी नोकरी त्यांच्याशी भांडण्यात गेली. त्यांच्यात दोन जाती. एक शहरातली, टेम्पो घेऊन येणारी. त्यांनी फळ्यांच्या लोखंडी चौकटी नेल्या, कुंपणाची तार नेली, टाकीची तोटी नेली. एकदा तर पत्र्याचा बोर्ड खांबासकट उपटून नेला, ज्याच्यावर लाल रंगात लिहिलं होतं, ‘पुढे धोका आहे, थांबा.’ मी शहाद्यात भंगारच्या दुकानात गेलो तर बोर्ड भिंतीला टेकून उभा. दुकानदाराला म्हटलं, तुमच्या पोरांना वाचता येत नाही का? तो म्हणाला, “येतं ना बाबा. वाचलं म्हणूनच थांबली.” त्याच्यावर मला हसू आलं आणि भांडण तिथंच संपलं. बोर्ड त्यानं परत दिला, खांब काही दिला नाही.

दुसरी जात डोंगरातली. गोळीबार आटोपून गाड्या गेल्या की ही माणसं कुदळ आणि चाळणी घेऊन उतरायची आणि बांध उकरायची. शिसं मासे धरायच्या जाळ्याला लावायला लागतं, विकायलाही चालतं. पण बांधाला भोकं पडत, आणि त्याच ठिकाणी पुन्हा गोळी आली तर ती अडणार कशाला? मी काठी घेऊन धावायचो, ती पळायची. एकटा एक माणूस मात्र पळत नसे. तोरणमाळच्या घाटातला, माझ्याच वयाचा. मी जवळ गेलो तरी चाळत बसलेला. मी विचारलं, तू का पळत नाहीस? तो म्हणाला, पळालं की परत यावं लागतं, चढ फार आहे.

त्याच्याशी मग मी तोडगा काढला. शिसं तुझं, पितळ माझं. उकरलेलं भोक तूच बुजवायचं, माती धुमसून बसवायची. जाता-येता गवतात पुंगळी सापडली तर माझ्या उंबऱ्यावर ठेवायची. हे कोणत्या नियमात बसत नव्हतं हे मला माहीत होतं, पण बांध तेव्हापासून चांगला राहिला. आणि त्यानं शब्द पाळला. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर कधी एखादी पुंगळी असायची, धुतलेली. कधी तिच्याशेजारी पानात बांधलेली चारोळी. ती माझ्यासाठी नसायची. माझ्या बायकोला तो बहीण म्हणायचा, ती त्याला चहा द्यायची. त्या हिशेबानं मी झालो दाजी. मला विचारलं नव्हतं कोणी.

मग तिचं पोट दुखायला लागलं. नंदुरबारला दाखवलं. डॉक्टरनं मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं. मी तिला सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. ती रनाळ्याची. तिकडच्या बायका विचारत नाहीत, समजून घेतात.

डोंगरातल्या माणसाला कसं कळलं कोण जाणे. एक दिवस शिसं न उकरता नुसताच दारात येऊन बसला. म्हणाला, यंदाच्या होळीला मी बहिणीसाठी बावा होणार. त्यांच्यात घरचं कोणी आजारी असलं की नवस करतात आणि नवसाचा माणूस होळीला बावा बनतो. अंगाला राख, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू. पाच दिवस गावोगावच्या होळीला नाचत फिरायचं. त्या दिवसांत अंघोळ नाही, खाट नाही, बाईचा स्पर्श नाही. कमरेचा पट्टा शेवटच्या दिवशी नदीवरच सोडायचा. मी म्हटलं, तुझे घुंगरू कुठं आहेत? तर ते त्यानं गुजरातेत ऊस तोडायला गेला त्या सालीच भंगारात घातले होते. मी हसलो. म्हटलं, मग काय तोंडानं वाजवशील? बायको हसली नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या गावात मेळा भरतो. ती म्हणाली, “माले देखनं शे.” उठवत नव्हतं तिला, तरी रिक्षात उशी ठेवून तिला घेऊन गेलो. दुपारचं ऊन, ढोल, गर्दी. तो मला दिसायच्या आधी ऐकू आला. घुंगराचा आवाज गोल असतो. हा पसरट होता, एकमेकांवर घासणारा. पोत्यात पुंगळ्या ओतल्या की तसा येतो. तो आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे.

पुंगळ्यांना खिळ्यानं भोकं पाडून त्यानं त्या भोपळ्यांमध्ये ओवल्या होत्या. राखेनं माखलेला तो माणूस नाचत होता आणि कमरेला सरकारी पितळ उन्हात चमकत होतं. आणि बंदोबस्ताला नेमका असा एक पोलिस पोरगा होता, जो माझ्याच चांदमारीवर बंदूक धरायला शिकला होता. तो माझ्यापाशी आला. हळूच म्हणाला, “बाबा, ह्या आपल्याच ना?”

बायकोच बोलली.

“मी दिन्यात. झाडता झाडता सापडन्यात माले. मोजणीमा नव्हत्यात त्या.”

खरं होतं. पावसानंतर माती वाहिली की जुन्या, हरवलेल्या पुंगळ्या वर येतात. ती अंगण झाडायची, त्या उचलायची आणि पिठाच्या डब्यामागे ठेवायची. मला इतकी वर्षं पत्ता नाही. पोरगा बिचारा घाबरला. म्हणाला, आजी, हे परत कोणासमोर बोलू नका, बाबांची नोकरी जाईल. लोक मोबाइलवर शूटिंग करताहेत, कोणीतरी साहेबाला दाखवील, मग ह्या माणसाला आत टाकतील. आत्ताच काढून माझ्याकडे द्या, मी रानात सापडल्या म्हणून जमा करतो.

पोरगा चांगला होता. हे मी आजही म्हणतो.

त्यानं त्या माणसाला बाजूला घेतलं. तो ऐकेना. नवस सांगू लागला, पाच दिवस पुरे व्हायचेत म्हणू लागला. पोरानं पट्ट्याला हात घातला तर तो दोन पावलं मागे सरला, पण हात उचलला नाही, बाव्याला राग करायचा नसतो. चार लोक जमले. मग मी पुढे झालो.

“भाऊ, सोड. मी सांगतो म्हणून सोड.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मग त्यानं गाठ सोडली. पट्टा जमिनीला लागायला नको म्हणून तो दोन्ही हातांवर धरून उभा राहिला. मी डोक्याचा रुमाल काढून पसरला, त्याच्यावर पट्टा ठेवला. पोरगा एकेक पुंगळी काढून खिशात टाकत गेला. भोपळे तेवढे राहिले. ते त्यानं परत कमरेला बांधले, दोन उड्या मारून पाहिल्या. काही वाजेना. तो गर्दीतून निघून गेला, घराकडे. पुढच्या गावांना गेलाच नाही.

रिक्षात तिनं उशी पाठीमागे ओढून घेतली. मग म्हणाली, “तुमनं काही चुकनं नही. पन ऱ्हाऊ देतात तं बरं व्हतं.”

मीही सांगतो, माझं चुकलं नाही. पुन्हा तोच दिवस आला तर मी तेच करीन, नाहीतर तो तुरुंगात गेला असता. पण तिचं ते दुसरं वाक्य आहे, ते काही केल्या जात नाही.

आषाढात ती गेली.

तिचे दिवस घातल्यावर डोंगरातला तो आला. मी खाट टाकली तर खाली बसला. म्हटलं, वर बस. म्हणाला, बसता येत नाही, नवस अर्धा आहे. होळीपासून तो खाटेवर झोपला नव्हता. स्वतःच्या बायकोच्या हातचं खात नव्हता, आपली भाकर आपण थापत होता. त्याच्या मनानं घेतलं होतं की पट्टा मध्येच सुटला म्हणून बहीण गेली. मी चिडलो. म्हटलं, वेडा आहेस का, डॉक्टरनं मला तुझ्या नवसाच्या आधीच सांगितलं होतं.

तो म्हणाला, “तुला सांगितलं, दाजी. देवाला नाय सांगितलं.”

मी चहा केला. तो मला तिच्यासारखा जमत नाही. त्यानं पिला.

यंदा होळीला तो पुन्हा बावा झाला. मेलेल्या माणसासाठी कोणी होत नाही, त्याच्या गावच्यांनीही समजावलं, पण तो म्हणाला राहिलेलं पुरं करायचं आहे. पुतण्याचे घुंगरू मागून आणले. मी नोकरीतून सुटलो आहे, मला कोण अडवणार? गेलो त्याच्या मागे, कधी जीपमध्ये, कधी मोटरसायकलवर मागे बसून. गुडघे सुजले. मला नाचता येत नाही, त्यांची बोली नीट कळत नाही, मी नुसता एका कडेला बसायचो आणि तिला हे दिसायला हवं होतं एवढंच वाटायचं.

शेवटच्या दिवशी नदीवर त्यानं पट्टा सोडला आणि राख धुतली. खालून नेहमीचाच माणूस निघाला, बारका, पाठीचे मणके दिसणारा. अंग पुसत माझ्यासमोर आला आणि विचारलं, “सुटलो का, दाजी?”

मी म्हटलं, “सुटलास.”

त्यानं माझ्या पायाला हात लावला आणि गावच्या माणसांबरोबर वर निघाला. अंगणात खाट टाकायला सांगणार होता, असं काहीतरी हसत बोलत होता. मला वाटलं, थोडा थांब म्हणावं. पण कशासाठी थांबायचं त्यानं? त्याचं काम झालं होतं. तो अडकलेला होता तोवर तिचं काहीतरी बाकी होतं, कोणीतरी तिच्यासाठी जमिनीवर झोपत होतं. ते मीच माझ्या तोंडानं संपवलं. तो वळणाआड जाईपर्यंत मी काठावर उभा राहिलो आणि मग शहाद्याची जीप भरत होती तिच्यात जाऊन बसलो.