अक्काची साठ वाक्यं

अक्का गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला फोन बंद ठेवायची आठवण मीच सगळ्यांना करून देत होतो. विहाराच्या दारात उभा राहून, चपला काढणाऱ्या प्रत्येकाला, गरजेपेक्षा जरा जास्तच जबाबदारीनं. आणि वंदना संपवून भन्तेजींनी दोन मिनिटं शांत बसायला सांगितलं, तेव्हा माझ्याच खिशातून अक्का खणखणीत आवाजात म्हणाली, "मागं काय चाललंय?"

सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची टाकी धुण्याचा मेसेज आला होता. त्या ग्रुपला मी मागे कधीतरी अक्काच्या आवाजातलं हे वाक्य मेसेजची घंटी म्हणून लावून ठेवलं होतं आणि विसरलो होतो. परभणीकडून आलेल्या एका म्हाताऱ्या आत्यानं छातीवर हात ठेवला. मागच्या रांगेत अक्काची जुनी विद्यार्थी पोरं बसली होती, आता सहावी-सातवीत गेलेली. ती मात्र खरोखर ताठ बसली. माझी बायको सुजाता, म्हणजे अक्काची धाकटी बहीण, तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की ती बघते तेव्हा फार धोका नसतो.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. घाबरलेल्या आत्याला त्या दिवशी मी कोपऱ्यात बसवून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

अक्का तुर्भ्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. कारखान्यांच्या आणि ट्रकांच्या मधल्या वस्तीतली पोरं, घरी चार भाषा, शाळेत मराठी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. चौथीचा वर्ग हेच तिचं घर. दोन वर्षांपूर्वी तिचा आवाज बसला. खडूची धूळ, मग थंडी, मग अ‍ॅसिडिटी असं करत करत शेवटी डॉक्टरांनी खरं नाव घेतलं आणि सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल, दहा दिवसांत. आम्ही तिघं दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. सुजाता रडत होती. अक्का म्हणाली, "जगेन ना? मग रडायचं काम नाही. पण बिनआवाजाच्या बाईला वर्ग कोण देणार? मला ऑफिसात बसवतील. दाखले लिहायला. त्यापेक्षा..." आणि ती थांबली. मी तळोज्याच्या एका कंपनीत वीस वर्षं दाखलेच लिहितो, त्यामुळे मी उठून पाणी आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन. "मिलिंदराव, तुम्हाला ते मोबाईलमधलं सगळं येतं ना?" मी एकदा शेजारच्यांचा टीव्ही चालू करून दिला होता, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत मी इंजिनियर आहे. हो म्हणालो. तिचा बेत असा, की आवाज जायच्या आत तो साठवून ठेवायचा. शाळेला मिळालेल्या टॅबपैकी एक तिच्याकडे होता. पडद्यावर चौकोन करायचे, चौकोनाला बोट लावलं की एक वाक्य वाजायला हवं. मला बेत इतका आवडला, की मी लगेच त्यात सुधारणा सुचवली. एकेक वाक्य कशाला, अख्खे धडेच भरू. वर्षाचा अभ्यासक्रम. तुम्ही नुसतं खुर्चीत बसा.

दोन दिवस वर्गात टेबलावर फोन चालू ठेवून तिनं स्वतःचेच तास रेकॉर्ड केले आणि ते ऐकून आमच्याकडे जुईनगरला आली. चेहरा उतरलेला. "ऐका," म्हणाली. आम्ही ऐकलं. 'गप्प बसा' किती वेळा आलं ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. पण तिला ते सलत नव्हतं. "मी विचारते, नऊ साते किती, आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगते त्रेसष्ट. सत्तावीस वर्षं हेच करतेय मी, मिलिंदराव. मीच विचारणार, मीच सांगणार. मग ती पोरं कशाला येतात, ऐकायला?" तिनं पिशवीतून वही काढली. तीनशे वाक्यांची यादी होती. आमच्यासमोर बसून तिनं ती खोडत खोडत साठावर आणली. उत्तर सांगणारं एकही वाक्य ठेवलं नाही. राहिले ते बहुतेक प्रश्न... कशावरून? अजून कुणाला वेगळं वाटतं? तू हिला समजावून सांग. आधी करून बघ. मागं काय चाललंय?

आमच्या बेडरूममध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं. खिडकीला गादी उभी लावली, पंखा बंद, कुकर बंद, मिक्सर बंद. डॉक्टरांनी फार बोलू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे दिवसाला आठ-दहा वाक्यंच घेता यायची, आणि आवाज रोज थोडा थोडा झिजत होता. सकाळचा आवाज संध्याकाळी नसायचा. अक्का पाणी प्यायची, डोळे मिटायची, मी बोट वर करायचो, ती बोलायची. एकदा मी बोट वर केलं, ती बोलली, छान बोलली, आणि मी बटणच दाबलं नव्हतं. पुन्हा म्हणा म्हणायची माझी हिंमत होईना. सुजाता दारात उभी होती, ती म्हणाली, "तिच्याकडं मोजका आवाज उरलाय, तोही तुम्ही सांडा." अक्का हसली आणि पुन्हा म्हणाली, दुसऱ्या वेळी मात्र ते वाक्य खरखरीत निघालं. शेवटच्या दिवशी साठ वाक्यं पूर्ण झाली, वरचं एक 'शाबास' तेवढं उरलं होतं. सोपा शब्द, म्हणून शेवटाला ठेवलेला. तीनदा प्रयत्न केला. नुसती हवा आली. ती म्हणाली, कुजबुजली म्हणा, "राहू दे."

ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी गळ्यावर पांढरा रुमाल बांधून, एका हातात टॅब आणि एका हातात पाटी घेऊन ती वर्गात गेली. 'शाबास'चा प्रश्न तिनं पहिल्याच दिवशी सोडवला: खडू टेबलावर दोनदा वाजवायचा. टक टक. पोरं त्या टकटकीसाठी जीव टाकायची. बाईंच्या टॅबची बातमी वस्तीत पसरली, आया दारातून डोकावून जायच्या. पण वर्गावर राहायचं की नाही हे अजून ठरलेलं नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला स्पष्ट सांगितलं होतं, "शोभाबाई, माझ्या हातात असतं तर प्रश्नच नव्हता. शिक्षण कार्यालयातून साहेब येऊन तास बघणार, ते काय लिहितात त्यावर आहे."

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी टॅब माझ्याकडे होता. तो सारखा 'जागा अपुरी आहे' म्हणत होता. आता ऐन तासाला अडकला तर काय, म्हणून मी तो साफ करायला घेतला. जुने व्हिडिओ काढले, फोटो काढले, नको असलेलं बरंच काढलं. तो विचारत होता, खात्री आहे का? मी म्हणत होतो, हो. संध्याकाळी टॅब अक्काच्या घरी देऊन आलो, सुजाता तिच्या सोबतीला तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो, काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. साहेब मागच्या बाकावर बसले, मोठ्या बाई त्यांच्या शेजारी. अक्कानं फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले, एक छेद तीन आणि एक छेद चार, मध्ये प्रश्नचिन्ह. मग टॅब उघडला, चौकोनाला बोट लावलं. काही वाजलं नाही. दुसरा चौकोन. काही नाही. खिडकीतून मला पडदा दिसत होता... साठच्या साठ चौकोन रिकामे. कालची ती 'खात्री आहे का' मला लख्ख आठवली. मग आठवलं, की रेकॉर्डिंगच्या वेळी उतरवलेली बारा वाक्यं माझ्या फोनमध्येही राहिलीयत. मी फोन पुढे धरून दारात गेलो. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि तळहात वर केला. थांबा. मी थांबलो. तिला राग आलाय असं मला वाटलं, आणि तो रास्तच होता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. वर्गात कुणी हलेना. अक्का फळ्याजवळ नुसती उभी. मोठ्या बाई उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची लक्ष्मी म्हणाली, "एक छेद चार मोठा. चार मोठा हाय ना तीनपेक्षा." अक्का गप्प. आणि भिंतीकडून आवाज आला, "कशावरून?" हुबेहूब अक्काच्या चालीत. ती रेश्मा होती, वेण्या घट्ट बांधलेली, बोलायला घाबरणारी म्हणून अक्का जिच्याबद्दल आमच्याकडे येऊन काळजी करायची ती. लक्ष्मी म्हणाली, "चार जास्त असतंय." कुणीतरी म्हणालं, "आधी करून बघ." कागदाच्या पट्ट्या निघाल्या, एकीच्या तीन घड्या, एकीच्या चार. भांडणं झाली. "तू इला सांग ना नीट." "चौघांना वाटला तर तुला केवढा येनार?" लक्ष्मीनं दोन्ही तुकडे शेजारी धरले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "वाटणारे वाढले की तुकडा बारीक." टक टक. खडू दोनदा वाजला.

मी श्वास सोडणार, तेवढ्यात साहेब उभे राहिले. वाईट माणूस नव्हता, हसूनच म्हणाला, "बाई, छान. पण सगळं मुलंच करतायत. मग तुमची गरज काय?" मोठ्या बाईंचा चेहरा पडला. अक्काजवळ उत्तर द्यायला आवाज नव्हता, टॅब नव्हता, आणि पाटीला तिनं हात लावला नाही. रेश्मा उभी राहिली. "कशावरून, सर?"

सगळी डोकी साहेबांकडे वळली.

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे बाईंची गरज नाय, असं तुमी कशावरून म्हणता?"

मी अक्काकडे पाहिलं. आता तरी ती त्या पोरीला खाली बसवेल, निदान साहेबांकडे बघून हसेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती वाट बघत राहिली, जशी लक्ष्मीची बघितली होती तशीच. साहेबांनी वही मिटली, पुन्हा उघडली. फळ्याकडे, पट्ट्यांकडे, अक्काच्या गळ्यावरच्या रुमालाकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "मला नीट विचार करावा लागेल." अक्कानं खडू उचलला आणि टेबलावर दोनदा वाजवला. टक टक. चाळीस पोरं खदखदून हसली. त्या आवाजाचा अर्थ साहेबांना माहीत नव्हता, पण तेही हसले.

अकरा दिवसांनी पत्र आलं. वर्ग तिच्याकडेच राहिला, ते वर्ष आणि पुढचंही. टॅबमध्ये वाक्यं पुन्हा भरायची नाहीत, असं तिनं मला पाटीवर लिहून कळवलं. त्या साठ चौकोनांत मग पोरांनी आपापल्या आवाजात प्रश्न भरले: मीठ पाण्यात कुठं जातं, ट्रकला दहा चाकं का, उलटी गिनती कुठं थांबते. सकाळी एक चौकोन वाजायचा आणि त्या दिवशी त्याचा तपास लागायचा.

मी मात्र सगळ्यांना सांगितलं, की टॅब तापला होता. शाळेत सांगितलं, घरी सांगितलं, कुणी न विचारता जिन्यात भेटलेल्यालाही सांगितलं. अक्कानं मला त्याबद्दल तीनदा विचारलं. पहिल्यांदा त्याच आठवड्यात. पाटीवर लिहिलं, 'टॅबला काय झालं होतं हो?' मी म्हणालो, "तापला, अक्का. बॅटरीचा दोष." तिनं खाली लिहिलं, 'कशावरून?' मी म्हणालो, कंपनीच्या साईटवर दिलंय. ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली, मी चहा पीत बसलो. दुसऱ्यांदा दिवाळीत. तिसऱ्यांदा आजार उलटल्यावर, वाशीच्या दवाखान्यात. अक्षरं वेडीवाकडी, पण प्रश्न तोच. मला वाटलं, औषधानं विसर पडतोय. मी पुन्हा बॅटरी म्हणालो. तिनं पाटी पुसली आणि माझ्या हातावर हात ठेवला. चार दिवसांनी ती गेली.

विहारातून घरी आलो त्या दुपारी सुजाता अक्काच्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती. विहारात वाजलेल्या माझ्या फोनबद्दल ती काहीच बोलली नव्हती आणि ते मला सहन होईना. तिच्यासमोर बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं. टॅब तापला नव्हता. मी साफ करायला घेतला आणि अक्काचा आवाज पुसला. साठच्या साठ वाक्यं. शेवटपर्यंत तिच्याशी खोटं बोललो.

सुजाता घडी घालता घालता म्हणाली, "तुम्ही नाही पुसला. अक्कानं पुसला."

"अक्कानं?" मी म्हणालो.

"तुम्ही टॅब देऊन गेलात ना, तेव्हा सगळं होतं त्यात. रात्री बसली घेऊन. एकेक वाक्य लावायची, ऐकायची आणि काढून टाकायची. मी शेजारीच होते. मी हात धरला तिचा, तर पाटीवर लिहिलं, 'पोरं टॅबकडं बघतात, एकमेकांकडं नाही. उद्या हा नीट चालला तर साहेब याला पास करतील.'"

"मग मला का नाही सांगितलं? तीनदा विचारलं तिनं मला. तीनदा."

"तुमचं तोंड बघून तिला कळलं होतं, की तुम्ही स्वतःवर घेतलंय. ती सांगणारच होती. आधी तुम्ही बोला, एवढंच तिचं म्हणणं होतं. मला शपथ घातली होती. उत्तर आधी सांगायची नाही ना ती कुणाला, मग तुम्हाला कसं सांगेल?" तिनं साडी मांडीवर ठेवली, डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "दीड वर्ष थांबली तुमच्यासाठी. चौथीतली पोरंसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत."