बसून काढलेले माप

निवृत्तीनंतर खांदेश्वरच्या घरी सकाळची पूजा आटोपली की मी जुन्या ग्रंथांतील पादत्राणांचे उल्लेख टिपत बसे. हे काम माझ्या एका माजी विद्यार्थिनीसाठी होते. प्राचीन शिल्पांत दिसते तशी चामड्याची चप्पल, खिळा वा दोरा न वापरता, पुन्हा घडवावी आणि तेव्हाचे कारागीर ती कशी शिवीत हे जाणून घ्यावे, असा तिचा संकल्प होता. प्रदर्शनात त्या जोडाशेजारी एक फलक लागणार होता. त्यावर मार्गदर्शक म्हणून पहिले नाव माझे असेल, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो.

मग तिला नावड्याचे एक वयस्क चर्मकार भेटले. रोज संध्याकाळी येणारा तिचा फोन आठवड्यावर गेला. आला तरी त्यात तेच. "सर, काका म्हणतात, वादी भिजवूनच ओढायची. सुकताना ती आपोआप आवळते." वादी म्हणजे शिवणीची चामड्याची बारीक पट्टी, हेही तिनेच मला समजावले.

जोड माझ्याच मापाचा व्हावा, असा तिचा आग्रह. त्या माणसाच्या हाती पाय देण्यास माझे मन धजेना. तिला मी सोवळ्याचे कारण सांगितले. खरे कारण मत्सर होते. घरीच खुर्चीत बसून कागदावर पाऊल ठेवले, भोवती पेन्सिल फिरवली आणि कागद पाठवून दिला.

जोड तयार झाला तो बोटांशी आखूड. काकांच्या दुकानात तो पायात घालताच, लिहिण्यास लाज वाटते, मी सुखावलो.

"पिढीजात हात, आणि मापात चूक?" तिला ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणालो.

काकांनी माझा कागद काढून उजेडात धरला. "गुरुजी, हा पाय बसून काढलाय का?"

ती माझ्याकडे पाहत होती. "होय," मी म्हणालो.

"बसलेला पाय खोटं बोलतो. भार पडला की पाऊल पसरतं. उभं राहा बघू."

मी उभा राहिलो. त्यांनी खाली बसून माझे पाऊल दोन्ही हातांनी धरून जमिनीवर नीट टेकवले, चामड्याच्या पट्टीने मापले. "उजवा गुडघा दुखतोय न्हवं? सगळा भार डावीकडं टाकताय."

"सर, कधी बोलला नाहीत!" असे म्हणत तिने ते झरझर वहीत उतरवले. माझा एकही श्लोक तिने इतक्या घाईने टिपला नव्हता.

दुसरा जोड नेमका बसला. फलकाचा मजकूर तिने माझ्यावरच सोपवला. माझे नाव आधी घातले असते, तरी तिने विचारले नसते. पण तो जोड घालून मी चार पावले चाललो होतो. त्यांचे नाव वर लिहिले, माझे खाली.

प्रदर्शनात लोक काकांभोवती जमले. कोणी दुसऱ्या ओळीपर्यंत वाचतो का, हे पाहत मी फलकाशेजारी बराच वेळ उभा राहिलो.