काबाई आणि न दिसणारी करवत

माझ्या मावशीला गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळ्यांची ती काबाई. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तिचा ‘का?’ तयार असतो. डॉक्टरनं गोळी दिली, तर ती पिवळीच का, हे कळल्याशिवाय काबाई गिळायची नाही. काका म्हणतात, “मी हिला मागणी घातली तेव्हाही हिनं ‘का?’ विचारलं. मी अजून उत्तर शोधतोय.”

दोघं मिळून लहान मुलांसाठी लाकडी कोडी बनवत. पातळ प्लायवूडच्या पाटीवर हत्ती, जहाज, झाड असं काहीतरी रंगवायचं, त्याचे वेडेवाकडे तुकडे कापायचे आणि मुलांनी ते पाटीच्या खाचेत पुन्हा जुळवायचे. रंग मावशीचे, कापणं काकांचं. मागच्या खोलीत काकांची पायानं चालणारी करवत होती. केसाइतकं बारीक पातं आणि त्याखाली हातांनी पाटी फिरवत राहायचं. पन्नाशी ओलांडल्यावर काकांचा खांदा धरला. शर्टाच्या बाहीत हात घालायलाही मावशी लागायची. डॉक्टरांनी करवत सोडा म्हणून सांगितलं.

“आता पुरे,” काका म्हणाले. “बंद करू.”

“का?” मावशी म्हणाली.

गल्लीच्या टोकाला दारावरच्या नावाच्या पाट्या करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना पाटीवाले म्हणत. ते मुलाकडे राहायला निघाले होते आणि त्यांचं लेझरचं मशीन विकायचं होतं. मावशी पिशवी भरून तिकडे गेली. पिशवीत प्लायवूडचा तुकडा, बाटलीचं बूच, जुन्या चपलेचं चामडं, वाळलेलं पान आणि एक बटाटा.

“बटाटा कशाला?” पाटीवाल्यांनी विचारलं.

“बघायला.”

पाटीवाल्यांनी मशीनचं काचेचं झाकण लावलं. प्लायवूडवर एक लाल ठिपका आला.

“हा ठिपका कापतो?”

“नाही. तो नुसता जागा दाखवतो. कापणारा किरण दिसत नाही.”

“मग आहे हे कळतं कसं?”

“कापलं की कळतं.”

बारीक धुराची रेघ उठली, पंखा घोंघावला आणि लाकडातून एक गोल चकती खाली पडली. मावशीनं ती उचलून आधी नाकाला लावली. मग बूच झालं, चामडं झालं. वाळलेल्या पानातून चांदणी निघाली. बटाट्यावर नुसता तपकिरी चट्टा उठला. “यात पाणी फार,” पाटीवाले म्हणाले. “आणि हे ध्यानात ठेवा. आपल्या पाण्याच्या पाइपचं असतं तसलं प्लॅस्टिक यात कधीही घालायचं नाही. विषारी वायू सुटतो.” मावशीनं त्याचंही ‘का’ विचारलं. पाटीवाल्यांना नीटसं सांगता आलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून तिनं ते मानलं.

मशीन घरी आलं. धुराची नळी खिडकीतून बाहेर काढली. काका दारातच उभे राहिले. “या घरात एक मशीन अखंड चालतंच आहे, तोंडानं. त्यात हे दुसरं.” पण पहिला हत्ती कापताना ते हळूहळू पुढे सरकले. त्यांना जिथे अर्धी सकाळ लागायची, तिथे चहा निवायच्या आत काम झालं. करवतीवर चादर टाकून काका बाहेर फिरायला गेले.

पहिली खेप एका बालवाडीत गेली आणि तशीच परत आली. मुख्य बाई स्वतः घेऊन आल्या. “रागावू नका, पण मुलांचे हात काळे होतात. आणि तुकडा एकदा बसला की निघतच नाही.”

दुसरं कोणी हिरमुसलं असतं. मावशी म्हणाली, “मी येऊन बघू का?”

दुसऱ्या दिवशी ती बालवाडीत जमिनीवर बसली, समोर एक जुनं कोडं आणि एक नवं. जुन्यातले तुकडे पोरं टपाटप काढत होती. नव्यात नखं जात नव्हती. एका चिमुरडीनं तर हत्तीचा पाय दातांनी ओढून काढला आणि काजळी लागलेल्या काळ्या ओठांनी मावशीकडे बघून हसली.

घरी येऊन मावशीनं दोन्ही तुकडे खिडकीत उजेडाला धरले. “अहो, इकडे या. तुम्ही तिरकं का कापता?”

“मी? माझी करवत आयुष्यात तिरकी गेलेली नाही.”

“मग या जुन्या तुकड्याची कड खाली निमुळती कशी? बुचासारखी?”

काकांनी तुकडा हातात घेतला आणि कडेवरून बोट फिरवलं. मावशीनं चादर काढून करवतीच्या टेबलावर काटकोन तपासायचा गुण्या उभा केला. गुण्या आणि पातं यांच्यामध्ये उजेडाची फट दिसली. टेबलच जरासं कललेलं होतं.

“हे असंच बनवून घेतलं होतं,” काका पुटपुटले. “ज्यांच्याकडे काम शिकलो, त्या उस्तादांच्या टेबलाच्या मापानं.”

“म्हणजे त्यांचंही कललेलं? मुद्दाम?”

“कोणाला ठाऊक!”

“विचारलं नाहीत?”

“विचारलं असतं तर कानाखाली बसली असती.”

मावशी डोकं धरून बसली. जन्मभर काकांच्या हातानं होत आलेली गोष्ट, आणि ती युक्ती होती की वाकडं टेबल, हे सांगायला आता कोणी उरलं नव्हतं.

मग तिनं मशीनमध्ये पाटीच कलती ठेवून बघितली. कापलेल्या तुकड्याची एक बाजू अडकून बसली आणि दुसरी भसकन खाली गेली. काका पोट धरून हसले. बऱ्याच दिवसांनी. “अगं, करवतीवर मी पाटी फिरवत जातो, म्हणून उतार सगळीकडून येतो. तुझा किरण वरून सरळ येतो. एकीकडे उतार, दुसरीकडे चढ होणारच.”

“मग काय करायचं?”

काका जरा वेळ तुकडा उलटसुलट करत राहिले. “तू कापायची रेघ थोडी सैल काढ, तुकडा खाचेत सुटा राहील अशी. कड मी घासतो.”

खरकागद लावलेली घासायची फिरती चकती त्यांनी कमरेच्या उंचीला बसवली. खुर्चीत बसून, कोपर अंगाशी ठेवून तुकडा नुसता टेकवायचा. खांद्याला ताण नाही. खालची कड निमुळती झाली आणि काजळीही उतरली. वरच्या बाजूला डाग पडू नये म्हणून मावशी कापण्याआधी कागदी चिकटपट्टी लावू लागली. पुढची खेप बालवाडीनं ठेवून घेतली. ती दातवाली मुलगी आता तुकडे बोटांनी काढते आणि लपवून ठेवते.

त्यातूनच एक गोष्ट समोर आली, जी दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. मुख्य बाईंचा फोन आला, हत्तीचा कान हरवलाय. पूर्वी एक तुकडा गेला की कोडं मेलंच, कारण काकांचे दोन हत्ती कधी सारखे नसत. या वेळी मावशीनं मशीनमध्ये साठवलेल्या त्याच आकृतीतला एकटा कान कापला, रंगवला, काकांनी कड घासली. दोघं मिळून बालवाडीत गेली. काकांनी स्वतः गुडघ्यावर बसून तो कान खाचेत ठेवला. टप्पदिशी बसला.

काकांनी तो काढला आणि पुन्हा बसवला. मग मुलांना म्हणाले, “अजून काय काय हरवलंय तुमचं, सांगा बघू.” पोरांनी एकच गिल्ला केला आणि घरी परतेपर्यंत मावशीच्या पिशवीत जहाजाचं शीड, माशाचं शेपूट आणि झाडाचा बुंधा यांची मागणी जमा झाली होती.