रविवारची भुतं आणि तिसरीचा वर्ग

शिक्षकाला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते रोज दप्तराबरोबर वर्गात येतात. यंदा माझ्या तिसरीच्या पोरांनी भुतं आणली! दर रविवारी टीव्हीवर जुन्या किल्ल्यांतल्या भुतांचा कार्यक्रम लागतो, आणि आमची सहल ठरली होती दौलताबादच्या किल्ल्यावर. हेडबाई म्हणाल्या, "पोरं एवढी घाबरत असतील तर सहल रद्द करू." मला त्या कार्यक्रमाचा राग होता, पण पोरांची सहल हुकू द्यायची नव्हती.

*

सार्थक बाथरूमला निघाला. मागोमाग चौघं उठले.

"तुम्ही कुठं?"

"बाई, एकटं नाय जायचं. टीव्हीत जो एकटा जातो, त्यालाच धरतं!"

*

इतिहासाच्या तोंडी परीक्षेत विचारलं, "राजानं किल्ला बांधला. पुढं काय झालं?"

"राजा मेला अन् बुरजावर बसला."

मेला हे बरोबर होतं. अर्धा मार्क दिला.

*

पालकसभेत मी त्या कार्यक्रमाचा विषय काढला, तर करमाडचे एक पालक ताडकन उठले. "बघू द्या की! असलं बघून आमचं पोरगं लई धीट झालंय."

शेजारून त्यांची बायको म्हणाली, "पोरगं झालंय व्हय धीट. पण तुम्ही लाईट लावून झोपता, ते सांगा की बाईंना!"

*

आमच्या शेख मॅडमनी घरी नियम केला, बघायचं तर आईच्या शेजारी बसून. आता मॅडमच तोंडावर ओढणी घेऊन बसतात आणि लेक सांगते, "अम्मी, भूत गया, आँखां खोलो!"

*

शेवटी हेडबाईंना मनवलं आणि सहल गेली. त्या किल्ल्यात 'अंधारी' नावाचा वळणावळणाचा काळोखा बोगदा आहे. गाईडनं टॉर्च विझवला आणि पोरांनी असा कालवा केला की वटवाघळंच घाबरली असतील! ओरडली नाही ती एकटी ओवी. तिचे वडील दिवाळीनंतर वारले. तेव्हापासून पोरगी हा कार्यक्रम एकदाही चुकवत नाही, असं तिची आई काळजीनं सांगून गेली होती. टॉर्च लागला तेव्हा ती सगळ्यांच्या मागं उभी राहून हळूच काहीतरी बोलत होती.

बाहेर आल्यावर मी तिला जवळ घेतलं. "भीती नाही वाटली?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"कोणाशी बोलत होतीस गं?"

"पप्पांना हाक मारली. मेलेली माणसं किल्ल्यात राहतात ना."

तिनं माझा हात धरला.

"इथं नव्हते. बाई, पुढच्या वर्षी दुसऱ्या किल्ल्यावर नेताल ना?"