पंगतीत हात आखडला तेव्हा

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाबा, क्रिएटिनिन वाढलंय."

मी चौथीपर्यंत शिकलेला. त्यांनी सोपं करून सांगितलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर काढते. माझ्या किडन्या बीपीनं थकल्या होत्या. "मीठ तोडा. सुकट, पापड, लोणचं बंद."

आमच्याकडं भाकरीबरोबर सुकट नसेल तर जेवलो असं वाटत नाही. पायांवर सूज होती, चढणीला दम लागत होता, तरी तोवर मी म्हातारपणावर ढकललं होतं. दुखणं फक्त सुनेला माहीत. गावात सांगू नको, असं तिला बजावलं.

घरी मीठ तोडलं, पण बाहेर कसं तोडणार? उमरठजवळच्या आमच्या गावात मी गावकीचा मानकरी. पंगतीत पहिला घास माझा, मग बाकीचे हात लावतात. कुठं पूजा, कुठं तेरावं, सगळीकडं जेवत राहिलो. शेवटी एका सकाळी श्वास पुरेना. ॲडमिट केलं. छातीत पाणी झालं होतं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पुन्हा असं आलात तर डायलिसिस. म्हणजे मशिनीतून रक्त गाळायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, कायमचं."

त्यानंतर लगेच भावकीतल्या तुकारामच्या मुलीचं लग्न आलं. तुकारामशी माझी बांधावरून बोलाचाली झालेली, साऱ्या गावाला ठाऊक.

पान वाढलं. वाटाण्याची भाजी, वरण, पापड, लोणचं. मी हात जोडून बसलो. वाटलं, पोट बिघडलंय म्हणून निभावून नेऊ.

पण आमच्यात मानकऱ्यानं एखाद्या घरचं अन्न नाकारलं, तर ते घर वाळीत पडलं असाच अर्थ निघतो. हे मला कळायला हवं होतं. शेजारच्यानं पानाकडं नेलेला हात मागं घेतला. मग त्याच्या पलीकडच्यानं. वऱ्हाडी एकमेकांकडं बघायला लागले. तुकाराम समोर येऊन उभा राहिला, हात जोडून.

एक घास खाल्ला असता तर सुटलो असतो. हात पानापर्यंत गेलाही. पण एकेक घास करतच मी ॲडमिट झालो होतो.

"तुकाराम, तुझ्या घराशी माझं वाकडं नाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "माझी किडनी खराब झालीय. मीठ खाल्लं तर मशिनीवर जावं लागंल."

त्याची बायको वाढायची पळी हातात घेऊन पुढं आली. "मंग आधी सांगायचं नाय का, आबा? भातात कुठं मीठ असतं?"

तिनं पान बदललं, भात वाढला, वर तूप सोडलं. मी घास घेतला. माझ्या जोडीचा गणू म्हणाला, "आबांचं लोणचं माझ्या पानात टाका." लोक हसले, जेवायला लागले. तुकाराम मात्र भिंतीला टेकून डोळे पुसत होता.

परवाचं क्रिएटिनिन वाढलेलं नाही. मशीन अजून लांब आहे. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच, पण त्या पळीवाल्या माउलीचेही आहेत.

आता आमंत्रण आलं की उंबऱ्यातच आजार सांगतो. सांगताना अजून मान खाली जाते. तरी सांगतो. तुम्हीही पान वाढण्याआधी सांगा.